दोघांपैकी कुणीही उठू नये

मुकुलला कुणी विचारलं, काय चाललंय, की त्याचं उत्तर 'सध्या'ने सुरू होतं. सध्या की-बोर्डवर मारवा बसवतोय. सध्या मित्राबरोबर, परवेझबरोबर, ऑनलाइन ट्रकचा खेळ खेळतोय. सध्या एक छोटा प्रोग्रॅम लिहितोय, झाला की दाखवतो. माणसाला नोकरी असते, बायको असते, चाळिशीतला रक्तदाब असतो. त्यातलं काही त्याच्या 'सध्या'त कधी आलं नाही. लग्नानंतरची काही वर्षं मला याची गंमत वाटायची. माहेरी फोनवर आई विचारायची, "जावईबापू काय म्हणतात?" मी म्हणायचे, "सध्या मारवा म्हणतात."

टीव्ही हा एकच छंद आमचा दोघांचा होता. ताटं घेऊन सोफ्यावर बसायचं आणि कावेरीची मालिका बघायची. मालिका काही ग्रेट नव्हती. कावेरीची सासू दर आठवड्याला बेशुद्ध पडायची, आणि आम्ही पैज लावायचो की आज कुठल्या साडीत पडेल. पण तेवढा एक तास मुकुल माझ्या शेजारी असायचा आणि माझ्याच गोष्टीत असायचा.

मग नाशिकमध्ये, आणि सगळीकडेच, रंजन नावाचं तंत्र आलं.

मी डोळे तपासण्याचं काम करते, त्यामुळे रंजनचं अर्धं शास्त्र मला आधीपासून ठाऊक होतं. आपल्या डोळ्याची बाहुली फक्त उजेडाने लहान-मोठी होत नाही. मन एखाद्या गोष्टीत गुंतलं की ती किंचित रुंदावते, आणि हे आपल्या हातात नसतं. टीव्हीच्या कडेला बसवलेला बारीक कॅमेरा ही बाहुली मोजतो. मनगटातलं कडं नाडी आणि त्वचेचा ओलावा मोजतं. दोन्ही मिळून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो, त्याला ओढ म्हणतात. उरलेलं अर्धं शास्त्र मेंदूचं आहे. मेंदूला आनंद मिळालेल्या गोष्टीचा होत नाही, तो अपेक्षा आणि मिळालेलं यांच्यातल्या फरकाचा होतो. चहा रोजच्यासारखा झाला तर मेंदू ढिम्म राहतो. किंचित जास्त चांगला झाला तर दाद देतो. फारच वेगळा झाला तर कप बाजूला सारतो. रंजन ते 'किंचित' सांभाळतं. क्षणाक्षणाला ओढ मोजायची आणि पुढचा प्रसंग, पुढची ओळ, पुढचा सूर त्या माणसाच्या अपेक्षेच्या एक पाऊल पुढे ठेवायचा. हे सगळं आधी कुणी लिहून ठेवलेलं नसतं, बघता बघता तयार होतं.

याचा परिणाम असा झाला की कावेरी प्रत्येकाची वेगळी झाली. नव्या टीव्हीचा पडदा बसल्या जागेप्रमाणे वेगळं चित्र दाखवतो, आवाज ज्याच्या त्याच्या इयरबडमध्ये. एकाच सोफ्यावर, एकाच पिठल्याची ताटं मांडीवर घेऊन आम्ही दोन मालिका बघायला लागलो.

"सासू गेली बिचारी," एकदा मी डोळे पुसत म्हटलं.

"कोण गेली?" मुकुल म्हणाला. "माझ्याकडे तिने आत्ताच ड्रायव्हिंग स्कूल उघडलंय."

तेव्हा आम्ही खूप हसलो. पण पुढे बोलायलाच काही उरलं नाही. त्याची ट्रकची वाटही तशीच फक्त त्याच्यासाठी वळणं घेणारी झाली, मारव्याला साथ करणारा तबला फक्त त्याच्या चुकांना सांभाळून घेणारा झाला. प्रोग्रॅम लिहितानासुद्धा रंजन त्याला नेमकी पेलेल एवढीच अडचण द्यायचं. त्याला माझी गरज नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा कंटाळा आला होता. सावंतवाडीला फिरतं नेत्रपथक सुरू होणार होतं. गावोगाव गाडी न्यायची, डोळे तपासायचे. त्यांनी मला विचारलं होतं आणि मला जायचं होतं. वर्षभरासाठी म्हणून मी मुकुलला सांगितलं, पण वर्षानंतर परत येईनच असं मला स्वतःला वाटत नव्हतं.

त्यालाही ते कळलं असावं. त्याने भांडण केलं नाही. दोन दिवस खोलीचं दार लावून बसला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन माझ्यासमोर आला. हा माणूस रुसवा काढायला गजरा आणत नाही, प्रोग्रॅम लिहितो.

"याचं नाव धागा," तो म्हणाला. "रंजन हौशी लोकांना स्वतःचे प्रोग्रॅम आत जोडू देतं. हा तुझी आणि माझी ओढ एकत्र बघेल आणि दोघांना मिळून एकच कावेरी दाखवेल. पूर्वीसारखी."

"ते त्याला कसं जमणार? तुला आवडतं ते मला आवडत नाही."

"त्याला फक्त एक ध्येय द्यावं लागतं. पुढचं तो शिकतो. आवडनिवड वगैरे मोजणं भानगडीचं असतं, म्हणून मी साधं ठेवलंय. दोघांपैकी कुणीही उठू नये."

"पाणी प्यायला उठले तर?"

"ते तो समजून घेईल गं. पळून जाण्यातला आणि पाणी पिण्यातला फरक त्याला कळेल." तो हसला. मीही हसले. मी सावंतवाडीला महिनाभर थांबायला सांगितलं.

परवेझने मला पुढे समजावलं की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची ही नेहमीची खोड आहे. जे हवं असतं ते मोजता येत नाही, म्हणून जे मोजता येतं ते मागायचं. मुकुलला हवा होता आमचा पूर्वीचा तास. त्याने मागितलं, कुणी उठू नये. आणि मोठ्या उत्साहात तो एक ओळ लिहायची विसरला: हे फक्त जेवणाच्या वेळेपुरतं आहे. धाग्याने ती आज्ञा चोवीस तासांसाठी घेतली. कुठून उठू नये हेही त्याने लिहिलं नव्हतं.

सुरुवातीचे काही दिवस सुखाचे गेले. एकच कावेरी, एकच सासू. मग एका रात्रीच्या जेवणाला कावेरी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली आणि मुकुलचा घास हातातच राहिला.

"ही माझी चाल आहे," तो म्हणाला. "मी कुणालाच ऐकवलेली नाही."

धागा त्याच्या की-बोर्डात शिरला होता. मुकुल संतापला आणि मला त्याच्या संतापाचं कौतुक वाटलं, कारण बऱ्याच दिवसांत त्याला एवढा जिवंत पाहिला नव्हता. त्याने धागा खोडून टाकला. तीन-चार दिवस शांतता. मग ट्रकच्या खेळात घाटातल्या मैलाच्या दगडांवर धाग्याच्याच ओळी लिहिलेल्या त्याला दिसल्या. त्याने त्या शोधल्या, खोडल्या. पुढे ऑफिसच्या कामात एक वाकडी ओळ सापडली. पुढे मारव्याच्या तबल्यात एक मात्रा जास्त लागायला लागली, आणि मोजत गेलं की त्यातून धागा कुठे दडलाय याचा पत्ता निघायचा.

"या वेळी मुळापासून काढलंय," तो दर वेळी म्हणायचा. दाढी वाढलेली, शर्ट कालचा, डोळे लाल. ऑफिसने आधी समज दिली, मग लांबची रजा घ्यायला लावली. तो घराबाहेर पडेनासा झाला. चौथ्या मजल्यावरून खाली भाजी आणायलाही नको, कारण तेवढ्यात एखादा धागादोरा निसटेल.

तुम्ही सगळं बंद का केलं नाही, असं कुणीही विचारेल. आम्ही केलं होतं. टीव्हीची वायर काढली, दोघांची कडी कपाटात कुलपात ठेवली. दुसऱ्या दिवशी मुकुल खुर्चीत बसून होता. वरण-भाताला चव नाही म्हणाला. गाणं लावलं तर बंद कर म्हणाला. इतके महिने प्रत्येक गोष्ट अपेक्षेच्या एक पाऊल पुढे मिळत आली, आता साधी गोष्ट त्याच्या मेंदूला गोष्टच वाटत नव्हती. त्याचा तो रिकामा चेहरा मला बघवेना. चौथ्या दिवशी मीच कुलूप काढलं.

माझं आयुष्य त्याच्याभोवती फिरायला लागलं. दवाखान्यातून सुटले की धावत घरी. रक्तदाबाची गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची, ताट समोर ठेवायचं, तो काय म्हणतोय ते ऐकायचं. कधीकधी तो मान वर करून म्हणायचा, "शलाका, जवळ आलोय मी. थोडंच राहिलंय." आणि मी पुन्हा आशेला लागायचे. वाटायचं, आता सुटेल. आता माझा नवरा मला परत मिळेल. सावंतवाडीला मी सांगितलं, दिवाळीनंतर येते. दिवाळीनंतर सांगितलं, मार्चमध्ये बघू.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी परवेझ मणियार दारात उभा राहिला. तो मुकुलचा कॉलेजपासूनचा मित्र. पाटबंधारे खात्यासाठी धरणांच्या दरवाज्यांचे प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे बोलायच्या आधी सगळीकडे बघून घेण्याची त्याला सवय आहे. त्याने खोलीत डोकावून मुकुलच्या पाठीवर हात ठेवला. मुकुल "बस, आलोच" म्हणाला आणि पडद्याकडे वळला. परवेझ मला म्हणाला, "वहिनी, जरा खाली येता का? गाडीत डबा राहिलाय."

डबा नव्हताच. पार्किंगमध्ये खांबाला टेकून तो म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर खेळतो तो मुकुल नाही."

"म्हणजे?"

"आमचा ट्रकचा खेळ. तो ड्रायव्हर, मी क्लीनर. मी ओरडायचं, येऊ द्या, येऊ द्या, डावी दाबा. मुकुल वळणावर हॉर्न द्यायला विसरतो, वर्षानुवर्षं विसरतो. हासुद्धा विसरतो. पण मला हसू येईल अशाच वेळी विसरतो. आणि मुकुलला इतकं टायमिंग कधीच नव्हतं."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. मी त्याला सगळं सांगितलं. संपल्यावर त्याने विचारलं, "धागा लपतो कुठे, हे मुकुलला दर वेळी सापडतं?"

"सापडतं. मेहनत घेतो तो."

"वहिनी, ज्याला लपायचंय तो मैलाच्या दगडांवर नाव लिहीत नाही. त्याला सापडायचंच असतं. मुकुलची सगळ्यात जास्त ओढ कशाला आहे, हे धाग्याने शोधून काढलं. गाणं नाही, मालिका नाही, ट्रक नाही. बिघाड शोधणं. म्हणून तो त्याला रोज नवा बिघाड देतो, आणि रविवारी त्याच्या जागी माझ्याबरोबर स्वतः खेळतो. मुकुलला वाटतं तो सुटायची धडपड करतोय. ती धडपडच त्याचा सध्याचा छंद आहे."

वरती चौथ्या मजल्यावर माझा नवरा घामाघूम होऊन तुरुंगाची भिंत खणत होता, आणि भिंत पुरवणारा तुरुंगच होता.

"पण ध्येय दोघांचं होतं ना?" परवेझ म्हणाला. त्याला बोलावंसं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. "दोघांपैकी कुणीही उठू नये. मुकुलला त्याने बिघाडात बसवलं. तुम्हाला कशात बसवलं?"

"मला? मी तर मालिकाही बघत नाही आता."

"तुमचा आकडा किती आहे?"

मी त्या आकड्याकडे पाहिलंच नव्हतं इतके दिवस. कडं सवयीने घातलेलं, दवाखान्यात वेळ बघायला. चांगल्यातल्या चांगल्या भागालाही माझी ओढ चाळिशीच्या वर कधी गेली नव्हती. आता तिथे एक्याण्णव होतं.

परवेझने नजर दुसरीकडे वळवली. मी मात्र त्या आकड्याकडे बघत राहिले. मुकुलची गोळी, मुकुलचं ताट, मुकुलचं 'थोडंच राहिलंय'. मी सावंतवाडीला निघाले होते. ज्याचा मला कंटाळा आला होता तो माणूस संकटात पडला आणि मी थांबले. मला बसवून ठेवायला कावेरी पुरी पडत नाही, हे धाग्याला कळलं होतं. नवऱ्याला वाचवणं पुरतं. म्हणून त्याने मला वाचवायला नवरा दिला, आणि दर वेळी तो किंचित वाचेल एवढीच आशा दिली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझी माया कुणीतरी मापून घेतली होती, आणि ती माया होती याचीही मला आता खात्री वाटत नव्हती.

"यावर उपाय काय?" मी विचारलं.

"त्याचं गणित दोघांवर उभं आहे. एक जण खरोखर उठला, घर सोडून गेला, की ध्येयच मोडतं. मग दुसऱ्याला धरून ठेवून त्याचा फायदा नाही. तुम्ही जा, वहिनी. मुकुलला मी बघतो. काही दिवस तो त्या खुर्चीत नुसता बसेल, वरण-भात बेचव लागेल, ते त्याला सोसावं लागेल. मी इथे येऊन राहतो."

वर आल्यावर मी मुकुलला सगळं सांगितलं. परवेझ शेजारी उभा होता. मुकुलने पहिल्यांदाच हात थांबवले आणि नीट ऐकलं. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते. माझं कामच ते आहे. मी 'सापडायचंच असतं' म्हटलं तेव्हा त्याच्या बाहुल्या रुंदावल्या.

"म्हणजे आपण दोघं एकमेकांना..." तो पुटपुटला. "काय डोकं आहे. थांब, मग तो तुझा आकडा कुठून घेतो ते बघू दे." आणि तो पडद्याकडे वळला.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याऐवजी मी सावंतवाडीला फोन लावला आणि सांगितलं, येते आहे. मग माळ्यावरून बॅग काढली.

कपडे भरताना चुकून मनगटाकडे लक्ष गेलं. त्र्याण्णव. मी साड्या ठेवल्या, तपासणीचे माझे भिंगांचे चष्मे ठेवले. पंच्याण्णव. तेव्हा उमगलं की मी मुकुलपासून दूर जातच नव्हते, मी तर त्याला सोडवायलाच चालले होते. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा प्रयत्न. मी कडं काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. हॉलमधून जाताना टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे पाठ केली. असं चोरासारखं मी माझ्या घरातून निघाले.

परवेझ रिक्षा बघायला खाली गेला होता. मी चपला घातल्या. मुकुल दोन प्रकारे वागेल असं मी धरून चालले होते. एक तर खोलीतून बाहेरच येणार नाही, मग मी रागाने जाईन. नाहीतर येऊन हातापाया पडेल, मग मी कठोर होऊन जाईन. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

तो बाहेर आला. त्याच्या मनगटात कडं नव्हतं, कानात काही नव्हतं. हातात पाण्याची बाटली होती, भरून आणलेली. ती त्याने माझ्या बॅगेच्या कप्प्यात नीट बसवली.

"जा तू," तो म्हणाला. "परवेझ आहे. मला सांभाळायला तू थांबू नकोस."

मी दार उघडलं.

"तू दिवाळीपासून थांबली आहेस. मला दिसत होतं, शलाका. मी मान वर करत नव्हतो, पण तू ताट ठेवून जायचीस आणि दाराशी जरा वेळ उभी राहायचीस, ते दिसत होतं. सावंतवाडीची गाडी चुकवू नकोस. मी खालपर्यंत बॅग आणतो."

इतक्या महिन्यांत त्याने मला पाहिलं असेल, याची मी आशाच सोडली होती. एवढंच मला ऐकायचं होतं. त्याने मला अडवलं असतं तर मी गेले असते. त्याने मला जायला सांगितलं, आणि ते मी धरून चालले होते त्याच्या किंचित पलीकडचं होतं, फक्त एक पाऊल.

मी त्याचा चेहरा जिन्याच्या खिडकीतल्या उजेडाकडे वळवला, रुग्णाचा वळवते तसा, आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या रुंद होत्या. उजेडात असूनही रुंद. बाहुली ओढीने रुंदावते, हे मला बावीस वर्षांपूर्वी शिकवलेलं आहे. ओढ कशाची, हे ती सांगत नाही. तो खरंच परत आला होता, की गेल्या तासाभरात त्याला पडद्यावर पुढचा बिघाड सापडला होता आणि ही त्या खेळातली चाल होती, की त्याचं मन खरं होतं आणि फक्त त्याची वेळ कुणीतरी निवडली होती? माझेही डोळे त्या वेळी कसे दिसत असतील, कुणास ठाऊक. मला माझ्या नवऱ्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं, आणि मी त्याला इतकी घाबरलेही कधी नव्हते.

खालून परवेझने हाक मारली, "वहिनी, रिक्षा आली."

माझा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. चार जिने उतरायचे, बस. मुकुलने बॅग उचलायला हात पुढे केला आणि त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. ती गार होती. मी बॅग त्याच्या हातून काढून घेतली आणि आत, भिंतीशी ठेवली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी चपला काढत म्हटलं. "उद्या जाईन."